उद्योगी कोण, आळशी कोण? मलय-चिनी तुलनेची तीन पुस्तके

दोन समाज एका गावात, एका बाजारपेठेत शेजारी शेजारी नांदू लागले की त्यांची तुलना होणारच. तीत गैर काही नाही. परंतु अशी तुलना बहुधा आकड्यांपासून सुरू होते आणि स्वभावावर जाऊन थांबते. अमक्यांच्या घरी पैसा आहे, तमक्यांच्या घरी नाही, एवढ्या निरीक्षणावरून अमके उद्योगी आणि तमके आळशी हा निर्णय इतक्या सहज निघतो की मधली एक पायरी गाळली गेली आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती गाळली की जाणत्यांचेही लिखाण कसे फसते, हे पाहण्यास मलेशियाइतके बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही. त्या देशातील मलय आणि चिनी या दोन समाजांच्या स्थितीविषयी तीन पुस्तके आम्ही अलीकडे एकापाठोपाठ वाचली. एक एका राजकारणी डॉक्टराचे, एक समाजशास्त्रज्ञाचे आणि तिसरी एक कादंबरी. तिन्हींचा परामर्श एकत्रच घ्यावा असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम परिस्थिती सांगणे अवश्य आहे. १९५७ साली मलाया स्वतंत्र झाला तेव्हा तेथील सुमारे ६३ लाख लोकांपैकी जवळजवळ निम्मे मलय, ३७ टक्के चिनी आणि ११ टक्के हिंदी, त्यांतही बहुसंख्य तामिळ, होते. मलय मुख्यतः खेड्यांत, भातशेती, मासेमारी आणि रबराच्या लहान बागांवर जगणारे. चिनी शहरांत, दुकानांत आणि कथिलाच्या खाणींवर. तामिळ मजूर रबराच्या मळ्यांवर. १९७० च्या सरकारी आकड्यांप्रमाणे द्वीपकल्पातील मलय कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १७२ रिंगिट, तर चिनी कुटुंबाचे ३९४ रिंगिट होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे प्रमाण मलयांत सुमारे ६५ टक्के, चिन्यांत २६ टक्के. तत्पूर्वी एकच वर्ष, १३ मे १९६९ रोजी, निवडणुकीच्या निकालानंतर क्वालालंपूर येथे भीषण दंगल झाली होती. सरकारी गणतीप्रमाणे तीत १९६ माणसे मेली. या तीन पुस्तकांपैकी पहिले त्या दंगलीच्या धगीतून आलेले आहे.

ते म्हणजे डॉ. महाथीर मोहमद यांचे 'द मले डिलेमा', म्हणजे मलयांचा पेच. लेखक १९६९ च्या निवडणुकीत पराभूत झाले, पंतप्रधानांवर उघड टीका केल्यामुळे पक्षातून काढले गेले आणि १९७० साली हे पुस्तक त्यांनी सिंगापुरातून प्रसिद्ध केले. मलेशियात त्यावर बंदी आली. ती उठली १९८१ साली, खुद्द लेखकच पंतप्रधान झाल्यावर. असा योग ग्रंथकारांच्या वाट्यास क्वचितच येतो.

पुस्तकाची भाषा आम्हांस आवडली. तीत आडपडदा नाही, आणि आपल्याच समाजाविषयी इतके कठोर लिहिण्यास धैर्य लागते. पण ही भाषा वैद्याची आहे. रोग्याला समोर बसवून निदान सांगावे तसे लेखक मलय समाजाचे निदान सांगतात. मलायाची भूमी सुपीक, हवा उष्ण आणि दमट. भातशेतीचे खरे काम वर्षातून दोनच महिने, उरलेला काळ मोकळा. उपासमार नाही, म्हणून दुबळाही जगला आणि त्याचा वंश वाढला. उलट चीनमध्ये पूर आणि दुष्काळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुबळ्यांस वेचून काढले, आणि जे उरले ते कणखर. त्यातच मलयांत नात्यात लग्ने होतात, चिनी आपल्या कुळात लग्न करीत नाहीत. तेव्हा रक्ताचाही फरक पडला. थोडक्यात, मलयांचे मागासलेपण काही अंशी परिस्थितीचे आणि काही अंशी आनुवंशिक आहे, असा हा सिद्धान्त आहे.

हा सिद्धान्त आम्हांस मुळीच पटला नाही, आणि गंमत अशी की तो खोडून काढण्यासाठी पुस्तकाबाहेर जावे लागत नाही. मलयांच्या अर्थकारणावरील जे प्रकरण याच ग्रंथात आहे, ते या सिद्धान्ताच्या मुळावरच घाव घालते. तेथे महाथीर सांगतात की परकीयांच्या आगमनापूर्वी मलयांत व्यापारी होते, लहानमोठे दुकानदार होते. पुढे त्यांची जागा चिनी दुकानदारांनी घेतली ती कशी, हे ते बारकाईने दाखवतात: घाऊक व्यापारी चिनी, किरकोळ विक्रेता चिनी, उधारी आपसांत, मालाची माहिती आपसांत, आणि नव्या मलय दुकानदाराला या साखळीत कोठेही कडी सापडत नाही. हे वर्णन अस्सल आहे. आपल्याकडे एखाद्या पेठेत नवखा माणूस किराण्याचे दुकान घालतो तेव्हा काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ते लगेच पटेल. पण मग प्रश्न येतो. उधारीची साखळी बंद असल्यामुळे जो मलय दुकानदार बुडाला, त्याचे बुडणे समजण्यास त्याच्या आजोबांच्या लग्नाची चौकशी कशाला हवी? एकाच ग्रंथात दोन लेखक वावरतात. एक बाजार पाहिलेला, दुसरा आनुवंशिकतेची ऐकीव तत्त्वे मानणारा. आणि या दोघांची आपसांत गाठ कोठेही पडत नाही.

भातशेतीचे काम दोन महिन्यांचे, या विधानाकडे आता वळू. महाथीर केडा राज्याचे, आलोर सतार येथील. केडा म्हणजे मलायाचे भाताचे कोठार. त्याच राज्यातील दुसरे एक लेखक, शाहनोन अहमद, यांनी १९६६ साली, म्हणजे 'डिलेमा'च्या चार वर्षे आधी, 'रांजाउ सपांजांग जालान' नावाची मलय कादंबरी लिहिली. नावाचा अर्थ 'वाटभर काटे' असा करता येईल. १९७२ साली तिचे इंग्रजी भाषांतर झाले आणि १९९४ मध्ये तिच्यावरून कंबोडियात चित्रपटही निघाला. भातशेतकऱ्याचे दुःख असे सहज देशांतर करते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कथा साधी आहे. बांगुल दरदाप गावचा लाहुमा, त्याची बायको जेहा आणि त्यांच्या सात मुली. चिखलात काम करताना लाहुमाच्या पायात निबुंग नावाच्या ताडाचा काटा मोडतो, पाय सुजतो, अंग सुजते आणि तो मरतो. शेत जेहावर पडते. ती राबता राबता भ्रमिष्ट होते आणि तिला घरातच कोंडून ठेवावे लागते. मग शेत मुलींवर पडते. मध्ये खेकड्यांचे लोंढे येतात, पाणी चढते, आणि दाणा भरू लागला की तिआक पक्ष्यांचे थवे उतरतात. कादंबरीत दुसरे काही घडतच नाही. जमीन साफ करणे, रोपे, चिखलणी, लावणी, राखण, कापणी; तीच क्रियापदे पुन्हा पुन्हा येतात आणि वाचक खरोखर थकतो. काही वाचकांस हा दोष वाटेल. आम्हांस तेच या कादंबरीचे सामर्थ्य वाटते. कामाचा कंटाळा वाचकाच्या अंगात मुरल्यावाचून ते काम केवढे आहे हे त्याला कळायचे नाही.

या कुटुंबाला मोकळे दहा महिने कोठे आहेत? लाहुमा जगणे, मरणे, पीक येणे, बुडणे सारे अल्लावर सोपवतो हे खरे. महाथीरांसारखा टीकाकार येथे बोट ठेवून म्हणेल की हाच तो दैववाद, हेच दारिद्र्याचे मूळ. पण कादंबरी नीट वाचणाऱ्यास दिसेल की दैवावर भार टाकून लाहुमा झोपत नाही. तो उठतो आणि शेतावर जातो. त्याच्यापाशी पंप नाही, औषध नाही, वेळेवर डॉक्टर नाही. ज्याच्या हाती दुसरे काहीच नाही तो देवाचे नाव घेईल, यात नवल कसले? विश्वास हा येथे दारिद्र्याचा बाप नसून फार तर सोबती आहे. एवढी गोष्ट एका कादंबरीकाराला दिसली आणि त्याच मुलखात रोगी तपासणाऱ्या डॉक्टराला दिसली नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

तिसरे पुस्तक सय्यद हुसेन अलातास यांचे 'द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह'. ते १९७७ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. अलातास सिंगापूरच्या विद्यापीठात मलय अध्ययनाचे प्राध्यापक होते. मलय, फिलिपिनो आणि जावानीज या तीन लोकांवर आळशीपणाचा शिक्का कोणी, केव्हा आणि कशासाठी मारला, याचा सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचा शोध त्यांनी घेतला आहे. ग्रंथ वाचण्यास सोपा नाही. उताऱ्यांवर उतारे येतात, एकच मुद्दा तीन ठिकाणी भेटतो, आणि संपादकाने एक चतुर्थांश मजकूर कापला असता तर पुस्तकाचे काही बिघडले नसते. पण मुख्य प्रमेय लखलखीत आहे. मलय शेतकरी आपल्या शेतात राबत होता, समुद्रावर जात होता, होड्या बांधत होता. मात्र गोऱ्यांच्या मळ्यात आणि खाणीत मजुरीने जाण्यास तो तयार नव्हता, कारण घरी त्याचे भागत होते. मळेवाल्यांच्या दृष्टीने जो त्यांच्या मळ्यात येत नाही तो आळशी. फ्रँक स्वेटनहॅमसारख्या थोर अधिकाऱ्यानेही मलयाचा प्रमुख गुण म्हणून कामाची नावड सांगितली. म्हणजे 'काम' या शब्दाची व्याख्याच आधी बदलली आणि मग त्या व्याख्येत न बसणाऱ्या समाजाची परीक्षा घेतली! परीक्षकांचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांस ही युक्ती अपरिचित नाही.

अलातास यांनी होसे रिझाल यांस दिलेला मान योग्यच आहे. फिलिपिनोंच्या आळसावरील रिझाल यांचा निबंध १८९० साली माद्रिदच्या 'ला सोलिदारिदाद' पत्रातून प्रसिद्ध झाला. रिझाल आळस मुळीच नाही असे म्हणत नाहीत. तो काही प्रमाणात आहे असे मान्य करून, स्पॅनिश अमलापूर्वी हेच लोक व्यापार करीत होते याची साक्ष ते काढतात आणि मग आळस कोठून आला हे विचारतात. नकारापेक्षा ही पद्धत अधिक सबळ आहे, आणि अलातास स्वतः ती नेहमी पाळत नाहीत. आरोप खोटा होता हे सिद्ध करण्याच्या भरात, दारिद्र्य मात्र खरे होते हे त्यांच्या हातून मागे पडते. मलय आळशी नव्हता, ठीक. मग तो गरीब का राहिला? याचे उत्तर त्यांच्या ग्रंथात तुटक तुटक आहे. ते इतिहासातून गोळा करावे लागते.

ते उत्तर शिक्षकांनी तरी जाणून घ्यावे असे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रबराला भाव आला, तेव्हा मलय शेतकऱ्यांनी झपाट्याने रबर लावण्यास सुरुवात केली. आळशी माणूस हे करीत नाही. पण भात पिकवणारा कमी झाला तर मजुरांसाठी तांदूळ बाहेरून आणावा लागेल, ही सरकारला चिंता. १९१३ साली मलय राखीव जमिनींचा कायदा झाला, आणि १९१७ मध्ये भाताच्या जमिनीत दुसरे पीक घेण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारने घेतला. राखीव जमीन मलयेतरांस विकता येईना, गहाण ठेवता येईना. जमीन वाचली हे खरे, परंतु तिच्या तारणावर भांडवल उभे करण्याची वाटही बंद झाली. कारण भांडवल ज्यांच्यापाशी होते ते मलयेतर होते. शाळांचे तेच. १९१७ च्या विन्स्टेट अहवालानंतर खेड्यातील मलय शाळा चार इयत्तांची ठरली आणि तीत बागकाम आणि टोपल्या विणणे यांवर भर आला. कोळ्याच्या मुलाने बापापेक्षा थोडा हुशार कोळी व्हावे, एवढीच अपेक्षा वरिष्ठ अधिकारी उघड बोलून दाखवत. इंग्रजी शाळा होत्या त्या शहरांत, आणि शहरांत चिनी होते. चिन्यांनी आपल्या भाषेच्या शाळा बव्हंशी आपल्या वर्गणीतून चालवल्या, हा त्यांचा मोठा गुण मान्य केलाच पाहिजे. पण चार इयत्तांची शाळा शिकलेल्या मुलास हिशेबाची वही लिहिता आली नाही तर तो दोष त्याच्या रक्तात शोधणे हा अन्याय आहे.

आता चिन्यांविषयी. या तिन्ही पुस्तकांत चिनी माणूस पुरेसा दिसत नाही. महाथीरांच्या ग्रंथात तो एक कणखर, हिशेबी, जवळजवळ निर्विकार आकृती आहे. शाहनोन यांच्या खेड्यात तो दूरच आहे. मात्र अलातास त्याच्याविषयी एक मर्मभेदक गोष्ट सांगतात. ज्या चिनी मजुराच्या उद्योगीपणाचे गोडवे गोऱ्यांनी गायले, तो बहुतेक वेळा प्रवासखर्चाच्या कर्जात बांधला गेलेला होता, आणि खाणीवरचे दिवस निभावण्यासाठी त्याला जी अफू मिळे तिच्यावरील करातून वसाहतीच्या सरकारचा फार मोठा महसूल निघत असे. कर्ज फिटेपर्यंत काम सोडता येत नाही अशा माणसाच्या राबण्याला स्वभावगुण म्हणणे म्हणजे बैलाला कष्टाळूपणाचे प्रशस्तिपत्र देण्यासारखे आहे. जे टिकले आणि वर आले, त्यांच्या मुलांचीच दुकाने आपल्यास दिसतात. जे लारुतच्या आणि किंताच्या खाणींत तापाने मेले त्यांची गणती तुलनेत येत नाही. पुढेही सारे चिनी सुखात नव्हते. १९५० नंतर कम्युनिस्ट बंडाच्या बंदोबस्तासाठी सुमारे पाच लाख माणसे, त्यांत बहुसंख्य चिनी, उचलून काटेरी तारांच्या आतील नव्या गावांत बसवली गेली. १९७० मध्ये चौथ्या हिश्श्याहून अधिक चिनी कुटुंबे दरिद्री होती, हा आकडा आम्ही वर दिलाच आहे. सधन चिनी असे म्हणताना हे सारे विसरले जाते.

आणखीही एक गोष्ट विसरली जाते, आणि ती आमच्या मते सर्वांत मोठी. १९७० साली द्वीपकल्पातील कंपन्यांच्या भागभांडवलात मलयांचा वाटा २.४ टक्के आणि चिनी, हिंदी इत्यादींचा मिळून ३४.३ टक्के होता. हे दोन आकडे शेजारी मांडले की भांडण पेटते. पण राहिलेले ६३.३ टक्के कोणाचे? परकीयांचे, आणि त्यांत मुख्य ब्रिटिश कंपन्यांचे. कथिलाच्या खाणींतही १९१२-१३ च्या सुमारास यांत्रिक ड्रेजर आल्यानंतर युरोपीय कंपन्या चिनी खाणवाल्यांच्या पुढे गेल्या. म्हणजे दोन भावांत वाटणीचा तंटा चालला आहे, आणि घराचा दोन तृतीयांश भाग तिसऱ्याच्या नावावर आहे! महाथीरांच्या निदानात या तिसऱ्याला मिळावी तेवढी जागा मिळालेली नाही. तुलना दोघांचीच करावयाची असे एकदा ठरवले की असे होते.

येथे एक विषयांतर वाचक क्षमा करून वाचतील अशी आशा आहे. आमच्या बडोद्यात शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येणारे वाक्य आहे की मराठी माणसाला धंदा जमत नाही, तो गुजरातीच्या रक्तातच असतो. हे वाक्य मराठी शिक्षकच म्हणतात, आणि मराठी मुलांच्या देखत म्हणतात. येथील मराठी कुटुंबे गायकवाडांबरोबर आली ती लष्करात, खजिन्यात, कचेरीत नोकरीसाठी. पेठ, पेढी आणि उधारीचे जाळे येथे आधीपासून दुसऱ्यांचे होते. महिन्याच्या महिन्यास पगार येणाऱ्या घरात जोखमीची सवय लागत नाही, आणि दुकानात वाढलेल्या मुलाला ती न शिकवता येते. व्यवसायाने लावलेली सवय आणि जन्माने आलेला स्वभाव यांत आम्ही गल्लत करतो, आणि महाथीरांप्रमाणे ती स्वतःविषयीच करतो. अलातास यांच्या ग्रंथाचे शेवटचे भाग वाचताना आम्हांस हे वाक्य वारंवार आठवले. कारण तेथे त्यांनी दाखवले आहे की गोरे निघून गेल्यावरही त्यांनी मारलेला शिक्का मलय पुढाऱ्यांनीच जपून ठेवला. १९७१ साली सत्ताधारी पक्षातर्फे निघालेल्या 'रेव्होलुसी मेंताल' या पुस्तकात मलयांच्या दोषांची जी यादी आहे, ती जुन्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या याद्यांहूनही कडक आहे.

रक्ताच्या सिद्धान्ताचा निकाल पुढील इतिहासाने लावला असे आम्ही मानतो. १९७१ मध्ये मलेशियाने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. दारिद्र्य सर्वच समाजांतून घालवायचे, आणि वंशावरून धंदा ओळखण्याची स्थिती मोडायची, हे त्याचे दोन हेतू. भूमिपुत्रांचा भागभांडवलातील वाटा वीस वर्षांत ३० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. ('भूमिपुत्र' हा शब्द त्यांच्याकडेही आपलाच आहे, संस्कृतातून मलय भाषेत गेलेला. तिकडे त्याचा अर्थ कायद्याने आणि धोरणाने बांधला गेला, आपल्याकडे तो सभांतून गाजला.) १९९० पर्यंत हा वाटा ३० नव्हे, १९ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. पण भूमिपुत्रांतील दारिद्र्य सुमारे ६५ टक्क्यांवरून पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरले, आणि चिनी-मलय सरासरी उत्पन्नातील सव्वादोन पटींहून अधिक असलेली तफावत सुमारे पावणेदोन पटींवर आली. वीस वर्षांत कोणाचे रक्त बदलत नाही. बदलल्या त्या शाळा, शिष्यवृत्त्या, जमिनीच्या वसाहती, पाटबंधारे आणि नोकऱ्या. या धोरणाचे दोषही लहान नाहीत. भागभांडवलाचा लाभ मूठभर मलय कुटुंबांस फार झाला, गरीब तामिळ मळेकामगार धोरणाच्या कडेलाच राहिला, आणि गुणवान चिनी मुलांस विद्यापीठाची दारे अरुंद झाल्याने अनेकांनी देश सोडला. एका समाजाचे दारिद्र्य समाजाच्या नावाने मोजले की उपायही समाजाच्या नावानेच वाटला जातो, आणि मग त्या समाजातील वरचे लोक तो आधी उचलतात.

महाथीर १९८१ पासून बावीस वर्षे पंतप्रधान राहिले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, २००२ साली, त्यांनी मलयांच्या नव्या पेचावर भाषण केले. मलय सवलतींच्या कुबड्यांना चिकटून बसले आहेत, असा त्याचा रोख होता. कुबड्या देणारा हात बावीस वर्षे त्यांचाच होता, तरी निदान पुन्हा रोग्याच्या स्वभावाचेच! 'डिलेमा' लिहिणारा लेखक तीस वर्षांत फारसा बदलला नव्हता. शाहनोन अहमद २०१७ साली वारले, अलातास त्याआधी दहा वर्षे, २००७ मध्ये.

आमच्या संस्थांच्या ग्रंथालयांनी ही तिन्ही पुस्तके मागवावीत अशी आमची सूचना आहे. शिक्षकांनी ती वाचताना कादंबरीपासून सुरुवात करावी, मग अलातास यांची निदान फिलिपिनोंवरील आणि मलयांवरील प्रकरणे घ्यावीत, आणि महाथीरांचे पुस्तक सर्वांत शेवटी उघडावे. उलट क्रमाने वाचल्यास त्यातील ठसठशीत वाक्ये मनात आधी घर करून बसतात, आणि मग लाहुमाचे शेत नीट दिसत नाही.